ब्रेक सोडायला शिकवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फी घेतली नाहीत, आणि आभार मानायला लागलं की विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. आता बदला विषय!

ट्रॅकवर ब्रेक जितका उशिरा मारू तितके आपण फास्ट, असा आमच्या पुण्यातल्या गाडीवेड्या मंडळींचा पक्का समज. तुम्ही मात्र चाकणच्या त्या मोकळ्या यार्डात, चुन्याने आखलेल्या वळणावर, रविवारच्या रविवार फक्त ब्रेक सोडण्यावर घालवलेत. शेजारच्या सीटवर बसून मूठ आवळून धरायचात. मी स्टिअरिंग वळवू लागलो की एकेक बोट उघडायचं, आणि शेवटचं बोट उघडेपर्यंत माझा पाय पेडलवरून अलगद उठलेला हवा. ब्रेक दाबलेला असतो तेव्हा गाडीचं वजन पुढच्या टायरांवर येतं आणि नाक चटकन वळतं. पाय एकदम काढला की वजन मागे सरकतं, गाडी वळणाबाहेर रेटत जाते. उलट वळताना ब्रेक जास्त राहिला तर हलकी झालेली मागची बाजू सुटते. वळता वळता ब्रेक असा हळूहळू सोडण्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात हे व्हिडिओ पाहून ठाऊक होतं. पायाला कळायला तुमची मूठ लागली.

गॅरेजच्या फरशीवर खडूने मांडलेला तो हिशोबही आठवतो. त्याच वळणावर ताशी 60 ऐवजी 66 किलोमीटरने जायचं, तर वेग वाढतो 10 टक्के, पण पकड 21 टक्के जास्त लागते. टायर ती आणणार कुठून? मग वळणच मोठं करायचं: बाहेरून आत, एपेक्सला (वळणाच्या आतल्या कडेच्या बिंदूला) चाटून, पुन्हा बाहेर, ट्रॅकची सगळी रुंदी वापरून. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचं तिसरं वळण तुम्ही काढून दाखवलंत. त्याच्यापुढे किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे एपेक्स थोडा उशिरा घेतला की स्टिअरिंग लवकर सरळ होतं, रेस लवकर देता येते, आणि त्याचं व्याज पट्टा संपेपर्यंत मिळत राहतं. आत शिरताना थोडा वेळ गेला तरी चालतो. हे पटायला मला जड गेलं, कारण आत शिरतानाच तर खरी मजा वाटते!

नजरेचं काय सांगू? एपेक्स गाठायच्या आधीच डोळे बाहेर पडायच्या जागेवर, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की आता स्कूटरवरसुद्धा मान आपोआप वळते. हील-टो (एकाच पायाने ब्रेक आणि रेस दोन्ही सांभाळणं) अजून घोटतोय, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुमची पहिली अट मात्र मित्रांना रोज ऐकवतो: कात्रजला किंवा वरंध घाटात यातलं काही करायचं नाही. “समोरून एसटी येते तिथे रस्त्याची सगळी रुंदी आपल्या बापाची नसते.” हे ऐकून टोळक्यातले दोघं रुसले आणि यायचे थांबले. तुम्ही त्यांना परत बोलावलं नाहीत, याबद्दल तर वेगळे आभार.

आता कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, करायचा विचार आहे. तारीख ठरली की कळवतो. शेजारची सीट तुमची, हेल्मेट मी आणतो, आणि जायचा-यायचा खर्च माझा. यावर वाद नको.

तुमचा,
चाकणच्या यार्डातला विद्यार्थी