सर्जाला कुणी काय म्हटलं नव्हतं

आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलो की आपलं भांडणच होतंय म्हणून लिहायला लागलोय, दोघं बसून वाचा, आत्याला दाखवलं तरी चालतंय.

गणपतीत आत्या सगळ्यांसमोर म्हणाली ना, पोर नाही म्हणून कुत्रं आणून बसलेत, तेव्हा ही आत पुऱ्या लाटत होती. लाटणं तसंच थांबलं आणि ती पुरी पोळपाटाला चिकटून फाटली. आई, तू हसलीस. वाईट मनानं नाही, माहीत आहे मला, पण हसलीस. येताना हुबळीपर्यंत गाडीत कोण काय बोललं नाही.

आता खरं सांगतो. दुसऱ्यांदा आयव्हीएफ फेल झालं आणि त्याच्यानंतर चार महिन्यांनी चिंगी आली. म्हणजे आत्याचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही, घर लई गप्प झालं होतं. पण पोराच्या जागी आणली म्हणाल तर तसंही नाही. दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनला गेलो तर तिथला पोरगा 'चिंगी अम्मा बन्री' म्हणून हाक मारतोय, तर हिनं त्याला तिथंच सांगितलं, अम्मा नको, ओनर म्हण. घरी पण मम्मी-पप्पा वगैरे चालत नाही. ती जागा रिकामी आहे ती रिकामीच ठेवलीय तिनं, कुत्र्याला तिथं बसवलेलं नाही.

बाबा, तुम्ही तो कोरियाचा फॉरवर्ड पाठवलात, बाळाच्या गाडीपेक्षा कुत्र्याच्या गाड्या जास्त खपल्या म्हणून. 2023 ची बातमी आहे ती, एका ऑनलाइन दुकानाची, मी पण वाचलीय. पण तिथं घरं महाग, पोरांच्या क्लासला पैसा पुरत नाही, ऑफिसात रात्र होते, म्हणून लोक पोरं होऊ देईनात. कुत्र्यानं काय केलंय त्यात?

आणि सर्जा विसरलात का? बेंदराला पहिली पोळी त्याला, मग आम्हाला. शिंगं रंगवायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. मी बेंगळूरला आल्यावर रात्री जेवण झालं की गोठ्यात जाऊन त्याच्याशी बोलत बसायचा, आईनंच सांगितलंय. तो गेला तेव्हा दोन दिवस जेवला नाहीत. आम्ही तिघं पोरं असताना. तेव्हा आत्या म्हणाली का, पोरं लांब गेली म्हणून बैलाला धरून बसलाय? आणि म्हणाली असती तर अगदीच चूक होतं का, ते तुम्हीच सांगा.

जपानात 2015 ला बघितलंय लोकांनी, कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत बसले की दोघांच्यात ऑक्सिटोसिन वाढतं, आई-बाळाच्यात वाढतं तेच. म्हणजे माया खरीच असते. पण पोर मोठं होतं, उलट बोलतं, घर सोडून जातं, मी गेलो तसं. चिंगी दहा-बारा वर्षांत आमच्या आधी म्हातारी होऊन जाणार हे आणली त्या दिवशीच ठरलंय, पोराकडून असलं कोण मागून घेतं का?

तिसऱ्यांदा ट्राय करायचं का ते आमचं अजून ठरलेलं नाही. ठरलं की तुम्हाला पहिलं सांगतो, तोवर हिला विचारू नका, मला विचारा.

दिवाळीला येतोय, चिंगीला घेऊनच. मुधोळचं कुत्रं आहे बाबा, घोरपड्यांच्या संस्थानातलं, 2016 ला मिलिटरीनं पिल्लं मेरठला नेली ती हीच जात, तेव्हा गावठी म्हणू नका. आई, तिला शिरा घालू नकोस, बेदाणे कुत्र्याच्या किडनीवर जातात, कांदा पण नको. चपाती-दूध चालतंय. सर्जाची घुंगरमाळ खुंटीला असेल ना अजून, ती हौसेनं तिच्या गळ्यात बांधू नका, आवाजाला भिते. तवंदी घाट उतरलो की फोन करतो.

तुमचा,
बाळू