मेणाने लिहायची अंडी

लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरची अंडी यंदा मेणाने आणि घरच्या रंगांनी करायची म्हणतेस, तर कांद्याच्या साली आजपासूनच साठव. तुमच्या अलिबागचा पांढरा कांदा गोड खरा, पण त्याच्या सालीत रंग नाही. लाल कांद्याच्याच घे, आणि कागदी पिशवीत ठेव. प्लॅस्टिकमध्ये आपल्या दमट हवेत बुरशी धरते.

युक्रेनमध्ये अशा अंड्याला 'पिसांका' म्हणतात. शब्द 'लिहिणे' या क्रियापदावरून आलाय, आणि काम खरंच लिहिण्याचं आहे. मेण झाकतं, त्याच्याखाली जो रंग असेल तो तसाच राहतो. म्हणून जे पांढरं हवं ते आधी लिहायचं, मग अंडं पिवळ्यात, मग पिवळं राखायचं तिथे मेण, मग गडद रंग.

रंग आदल्या दिवशीच कर. दहा-बारा कांद्यांच्या साली अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळ, तांबूस रंग येतो. पिवळ्यासाठी तेवढ्याच पाण्यात दोन मोठे चमचे हळद, पंधरा मिनिटं. दुपदरी फडक्यातून गाळ, नाहीतर अंड्यावर ठिपके बसतात. जांभळा कोबी पाव गड्डा, बारीक चिरून अर्धा तास उकळ. पाणी जांभळं दिसलं तरी अंडं निळं होईल, कारण कवच चुन्याचं असतं. गाळून पेलाभर रंगाला एक मोठा चमचा व्हिनेगर. जास्त नको, आणि कोकमाचं आगळ तर घालूच नकोस: आंबट कवच खातं, बुडबुडे येतात नि मेणाच्या कडा सुटतात.

पांढऱ्या कवचाची अंडी उकडून, साबणाने हलकी धुऊन कोरडी कर. फ्रिजमधून काढल्याबरोबर त्यांना घाम येतो; त्यावर मेण धरतच नाही. बोटांच्या तेलकट डागांवर रंग चढत नाही.

मेण मधमाश्यांचंच घे. मेणबत्तीचं ठिसूळ, तडकतं आणि भेगांतून रंग आत शिरतो. स्टीलच्या वाटीत, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळव. पेन्सिलीच्या मागच्या रबरात टाचणी खोच, डोकं मेणात बुडव, अंड्यावर टेकव आणि लगेच ओढ: सुरुवातीला टपोरा थेंब, पुढे निमुळती शेपटी. असे आठ थेंब गोलात ओढलेस की फूल झालं. थेंब पांढरट गोळीसारखा वर बसला तर मेण गार आहे, ते पुढे निघून येईल.

रंग अगदी गार हवा. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. हळदीत तासभर, कांद्यात दोन तास, कोबीत रात्रभर फ्रिजमध्ये. हळदीवर कोबी चढवलास तर हिरवं येतं. तिसरा रंग टाळ, सगळं मातकट होतं. बाहेर काढल्यावर पुसू नकोस, ओला रंग निघतो. पुठ्ठ्यात तीन टाचण्या उलट्या खोचून त्यावर वाळव.

शेवटी अंडं मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धर, वर नको, काजळी बसते. मेण चकाकलं की मऊ फडक्याने टिपून घे, मग खोबरेल तेलाचं एक बोट फिरव. खायची अंडी या उकाड्यात दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नकोस.

तुझी,
आई