मोस्ताच्या घुमटाजवळ राहणाऱ्या मुलास

वसई, रविवार

चि. जोएल यास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आवारातल्या क्रुसाजवळ रीनाने मला बाजूला घेतले आणि तू परांचीच्या दुसऱ्या टप्प्यावरून घसरलास हे सांगितले. ‘बाबांना कळू देऊ नकोस’ असे तू तिला बजावले होतेस, पण तिच्यावर रागावू नकोस. आठ दिवस तिने ते पोटात ठेवले हेच पुष्कळ झाले. त्या रात्री फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होते. तीस वर्षांच्या आणि स्वतःच्या कष्टाने परदेशी पोचलेल्या मुलाला ‘उद्याच्या विमानाने परत ये’ असे सांगण्याचा मला अधिकार नाही. तू फोन बंद केलास, त्याचे मला वाईट वाटले, पण राग आला नाही.

आज मी परांचीविषयी लिहिणार नाही. तू इस्टरला माल्टातल्या मोस्ताच्या चर्चचे जे फोटो पाठवले होतेस, त्यांच्याविषयी लिहायचे ठरवून बसलो आहे. ते फोटो रीनाने मला मोठे करून छापून दिले आणि गेले तीन महिने मी ते भिंगातून पाहतो आहे. तिने मला त्या चर्चची माहितीही वाचून दाखवली. तुझ्या खोलीच्या खिडकीतून तो घुमट दिसतो हे मी पापडीच्या बाजारात किती जणांना सांगितले असेल, याची गणती नाही.

समोरचे सहा खांब मी आधी पाहिले. त्यांच्या माथ्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी जी वळणे आहेत, त्यांना आयोनिक म्हणतात असे रीनाने वाचून सांगितले. खांबांच्या वर त्रिकोणी माथा, दोन्ही बाजूंना घंटांचे मनोरे आणि मागे तो प्रचंड गोल घुमट. ही सगळी रचना रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावरून घेतलेली आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वास्तुकारांना जुन्या ग्रीक आणि रोमन देवळांची जी ओढ लागली होती, तिच्यातूनच हे चर्च झाले. जोर्जो ग्रोन्ये द व्हासे या माल्टी माणसाने त्याचा आराखडा केला आणि ३० मे १८३३ रोजी पायाचा दगड बसला. बिशप फ्रान्चेस्को साव्हेरियो कारुआना यांना मात्र ही कल्पना रुचली नव्हती. मूर्तिपूजकांच्या देवळाच्या धर्तीवर कॅथलिक चर्च कसे बांधायचे, असा त्यांचा आक्षेप होता. मला विचारशील तर बिशपांचे म्हणणे टिकणारे नव्हते, कारण ज्या पँथिऑनवरून हे घेतले, तेच इ. स. ६०९ पासून चर्च म्हणून वापरात होते. वास्तू कोणी आणि कशासाठी बांधली हे कालांतराने मागे पडते. आत कोण गुडघे टेकतो हे उरते. आपल्या किल्ल्यातल्या चर्चांकडे पाहा. १७३९ मध्ये वसई पडली, तिथली बहुतेक छपरे गेली, तरी त्या भिंतींजवळ अजूनही आपली माणसे मेणबत्ती लावून येतात.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट जुन्या चर्चची आहे. त्या जागी सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे, टोमासो डिंगलीने आखलेले चर्च होते. ते आधी न पाडता त्याच्या भोवतीने नवीन चर्चच्या भिंती उभारत नेल्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे बाहेर दगड चढत होते आणि आत मिस्सा चालू होती. वरचा घुमट पुरा झाल्यावर, १८६० मध्ये, आतले जुने चर्च उतरवले. आपले घर बांधताना तुझ्या आईनेही जुने स्वयंपाकघर शेवटपर्यंत हलू दिले नव्हते. चारी बाजूंनी विटा चढल्या होत्या, पावसाळा तोंडावर होता, आणि मध्ये ती चुलीपुढे बसून तुझ्यासाठी पेज करत होती. तू चार वर्षांचा होतास आणि वाळूच्या ढिगावर माझा ओळंबा घेऊन खेळायचास. तो ओळंबा मी कोणालाही दिलेला नाही.

गावातले लोक रविवारी आणि सणांच्या दिवशी त्या बांधकामावर फुकट राबत, आणि एकूण खर्च सुमारे २१ हजार पौंड आला. घुमटाचा आतला व्यास सुमारे १२० फूट आणि खालच्या भिंतींची जाडी जवळजवळ ३० फूट. रीनाने हा आकडा वाचला तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला लावला. पण गवंड्याला त्याचे कारण चटकन कळते. घुमट सरळ खाली बसत नाही, तो बाहेरही रेटतो. तो रेटा पेलायला खाली तेवढेच वजन लागते. तू म्हणतोस की तिथला मधाच्या रंगाचा चुनखडक खाणीतून काढल्यावर करवतीने कापता येतो आणि हवेत राहून कडक होतो, म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याचा तो गुणाने भाऊच आहे. जांभ्याचे चिरे मी आयुष्यभर लावले, पण त्या दगडाची कमान मला एकदा तरी स्वतःच्या हाताने बसवून पाहायची होती. ती माझ्या मुलाच्या हातून होते आहे, हे मला पुरते.

तो घुमट परांचीशिवाय उभारला, असे तिथले लोक सांगतात ना? मी यावर पुष्कळ विचार केला. दगडी घुमटात प्रत्येक थर हे एक कडे असते. कड्याचा शेवटचा दगड बसला की सगळे दगड एकमेकांना धरतात आणि खालून टेकू नसला तरी ते कडे पडत नाही. म्हणजे घुमटासाठी खाली लाकडाचे जंगल उभारले नसेल, हे पटण्यासारखे आहे. पण कडे पुरे होईपर्यंतचे दगड? आणि ते बसवणारी, तेवढ्या उंचीवर पाय रोवून उभी असलेली माणसे? अँजेलो गाट या मुख्य गवंड्याचे नाव राहिले आहे. त्याच्या हाताखालची माणसे कशाला धरून उभी होती, हे मला कोणी सांगितलेले नाही. तुझ्या कमरेला बेल्ट असतो हे मला माहीत आहे. पण बेल्ट असणे आणि त्याचा हूक खरोखर अडकवलेला असणे यांत अंतर आहे, आणि फळी बदलताना हूक काढून पुढच्या नळीला लावण्याच्या त्या दोन क्षणांतच माणूस जातो. आंतोनकाकाच्या वेळी मी खाली मसाला कालवत होतो. त्या दिवशी बांबूचा काथ्या पावसाने सैल झाला होता, आणि तो मी सकाळी तपासला नव्हता.

लिहिणार नाही म्हटले होते आणि लिहिले. मला क्षमा कर. ओळ खोडली असती, पण खोडलेली ओळ तू उजेडात धरून वाचशील, हे मला ठाऊक आहे.

९ एप्रिल १९४२ ची हकिगत तू सांगितलीस तेव्हा तुझी आई रडली होती. संध्याकाळच्या मिस्सेसाठी तीनशेहून अधिक माणसे आत बसलेली, जर्मन विमानांतून पडलेला बॉम्ब घुमट फोडून त्यांच्यात येऊन पडला आणि फुटला नाही. आई त्याला देवमातेचा चमत्कार म्हणते आणि मीही तेच म्हणतो. पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट येते. घुमटाला आरपार भोक पडले आणि तरीही घुमट खाली आला नाही. अँजेलो गाटच्या माणसांनी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी लावलेली कडी एकमेकांना धरून राहिली. आत बसलेल्या त्या माणसांना बॉम्बापासून देवाने वाचवले असेल, पण कोसळणाऱ्या दगडांपासून त्या गवंड्यांच्या हातांनीही वाचवले, असे मी म्हटले तर फादर मला रागावणार नाहीत. आणि नंतर ते भोक बुजवायला कोणीतरी वर गेलाच असेल. त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. त्याच्या पायाखालची फळी...

असो. ग्रोन्ये १८६२ मध्ये वारला, म्हणजे घुमट पुरा झालेला त्याने पाहिला; चर्चचे अभिषेचन मात्र १५ ऑक्टोबर १८७१ रोजी झाले. त्याला त्याच चर्चमध्ये पुरले आहे. पुढच्या वेळी आत गेलास तर त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हण, आणि अँजेलो गाटसाठीही म्हण.

१५ ऑगस्टला तिथे देवमातेच्या स्वर्गोन्नयनाचे फेस्त आहे. इथे त्या दिवशी सकाळी झेंडावंदन आणि मिस्सा एकापाठोपाठ असते. आपण दोघे सायकलवरून जायचो, तुझ्या शर्टाला लावलेला कागदी झेंडा वाऱ्याने उलटा व्हायचा आणि तू दर शंभर पावलांवर मला थांबवून तो सरळ करायला लावायचास. आई म्हणते, त्या दिवशी तू सुट्टी घे. मुकादम नाही म्हणाला तर भांडू नकोस, संध्याकाळी जा. बेबीमावशीने पाठवलेली सुक्या बोंबलांची पिशवी फोडली नसलीस तर आता फोड, नाहीतर वास पसरेल आणि घरमालकीण बोलेल.

तू परत यावेस असे मी म्हणणार नाही. तुझे काम चांगले आहे, तुझा हात माझ्या हातापेक्षा साफ आहे, आणि हे मी तुला समोर कधी सांगितले नाही. मात्र रीना म्हणते की उजवा हात तू अजून खांद्याच्या वर नेत नाहीस. त्या हाताने हूक लावता येत नसेल तर वर चढू नकोस. पगार कापला गेला तर मी इथून पैसे पाठवीन. खांद्याचा एक्स-रे या आठवड्यात काढ आणि त्याचा फोटो रीनाला न पाठवता मला पाठव.

तुझे,
बाबा