उंचीवरून रोलर कोस्टर जोखू नका

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतली रोलर कोस्टरची तुलना वाचली. कोण किती फूट उंच, कोणाचा वेग किती, एवढंच! उमेदीची वर्षं यंत्रांच्या देखभालीत गेल्यामुळे राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या सीडर पॉइंट या करमणूक उद्यानाने २००३ मध्ये ४२० फुटांचा 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' उभारला. २००५ मध्ये सिक्स फ्लॅग्स कंपनीने न्यू जर्सीतल्या आपल्या उद्यानात ४५६ फुटांचा 'किंगडा का' आणून त्याच्यावर ताण केली. वेग ताशी २०६ किलोमीटर, पण सगळा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपायचा. २०२५ मध्ये तो पाडलाही. याउलट त्याच उद्यानातला लाकडी 'एल टोरो' उंचीला निम्म्याहूनही कमी, तरी जाणकार त्याचंच नाव काढतात. कारण टेकाडामागून टेकाड येतं आणि दर वेळी बूड बाकावरून सुटतं. हा अधांतरीपणा कोणत्या तक्त्यात मांडणार?

शिवाय कुठल्या रांगेत बसलात, तेही विचारायला हवं. पहिल्या उतारावर पुढचे डबे माथा ओलांडून क्षणभर रेंगाळतात. मधला भार पलीकडे गेला की गाडी वेग घेते आणि शेवटचा डबा माथ्यावरून अक्षरशः खेचला जातो. पुढे बसणाऱ्याला देखावा, मागच्याला हिसका. (मला विचाराल तर मागची रांग. मणक्याचं दुखणं असणाऱ्यांनी मात्र लांबच राहावं.)

बाकी ज्यांची चुरस आपण रंगवलीत, त्या दोन्ही उद्यानांच्या मालक कंपन्या जुलै २०२४ मध्येच एक झाल्या आहेत. पुढच्या तुलनेत बसायची रांग आणि फेरीचा कालावधी तेवढा छापावा.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ