आमची बालवाडी आणि त्यांचे पॉइंट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी स्थायिक व्हायचं म्हणून करिअर बदलणाऱ्यांवर मोठा लेख होता, छान होता, फोटो पण छान होते, पण त्यात सगळे जाणारेच होते. ही मंडळी मधल्या काळात ज्यांच्याकडे ‘अनुभव’ घ्यायला येतात त्यांना कुणी काही विचारलंच नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी कर्वेनगरला बावीस वर्षं बालवाडी चालवते. दोन खोल्या, पुढे छोटं अंगण, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, सव्वीस मुलं, मी, दोन ताया आणि एक मावशी, एवढाच कारभार.

तर झालं असं की २०२५ च्या फेब्रुवारीत कॅनडानं त्यांच्या एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुण मोजून बाहेरच्यांना कायमचं राहायला बोलावतात त्या पद्धतीत, शिक्षण म्हणून नवीन गट घातला आणि त्यात शाळेतल्या शिक्षकांबरोबर बालवाडीच्या शिक्षिका पण आल्या. मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मार्चमध्ये एक मुलगी आली, हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका (बग) शोधण्यात, दहा वर्षं काढलेली, गाडी बाहेर लावून आत आली, मला वाटलं मुलाच्या ॲडमिशनला आलीये, तर म्हणते ताई मला तुमच्याकडे काम करायचंय. त्याच आठवड्यात अजून दोघी आल्या. एप्रिल संपेपर्यंत नऊ जणी येऊन गेल्या, त्यातल्या सात आयटीतल्या, एक बँकेतली, आणि एकीनं नवऱ्याला पाठवलं होतं चौकशीला. बावीस वर्षांत मला ताई मिळवायला किती वणवण करावी लागलीये ते माझं मला माहीत, आणि एकदम ही रांग.

शेवटी भाच्याला बसवून सगळं समजून घेतलं. बाराशे गुणांचा हिशोब आहे, वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव, प्रत्येकाचे गुण. वयाचे गुण विशीत सगळ्यात जास्त, तिशीनंतर प्रत्येक वाढदिवसाला पाच-सहा गळतात, चाळिशीनंतर एकदम दहा-अकरा, आणि पंचेचाळिसाव्याला शून्य. म्हणजे इथे पस्तिशीत टीम लीड झालात, पगार वाढला, फ्लॅट झाला, की तिकडे तुम्ही उतरणीला. त्यात २०२३ ला ह्या वेगवेगळ्या गटांच्या याद्या सुरू झाल्या तेव्हा सॉफ्टवेअरवाले त्यात होते, २०२५ ला त्यातले बरेचसे काढले आणि त्याच दमात आम्ही बालवाडीवाल्या आत आलो. मे महिन्यात शिक्षणवाल्या गटाला ४७९ गुणांना अर्जाचं बोलावणं आलं, तेव्हा कॅनडात आधीच काम करत असलेल्यांना पाचशेच्या बरंच वर लागत होतं. आता कळलं ना रांग कुठून आली ते?

पण खरी मेख पुढे आहे. त्या गटासाठी तेव्हा सहा महिन्यांचा फुल टाइम अनुभव मागत होते आणि फुल टाइम म्हणजे आठवड्याला तीस तास. आमची बालवाडी रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, करा गुणाकार. पंधरा. म्हणजे सहा महिन्यांचं काम माझ्याकडे भरायला अख्खं वर्ष लागणार. हे सांगितलं की समोरचीचा चेहरा पडतो, दोन मिनिटं भिंतीवरची फुलपाखरं बघते आणि मग हळूच विचारते, ताई पत्रात तीस लिहाल का?

हे पत्र म्हणजे आपलं ‘ही आमच्याकडे होती, वागणूक चांगली’ असलं नसतं. लेटरहेड लागतं, काय काय काम केलं ते, आठवड्याचे तास, पगार, तारखा, सही, सगळं. फुकट सेवा केलेली धरत नाहीत, पगार घेतलेलाच पाहिजे. म्हणून एकीनं मला स्कीम सांगितली, तुम्ही दर महिन्याला माझ्या खात्यात पगार टाका, मी तेवढेच रोख आणून देईन, यायची गरज नाही, वर बालवाडीला देणगी. एका कन्सल्टंटच्या ऑफिसातून तर थेट फोन, मॅडम आम्ही नावं पाठवतो तुम्ही फक्त लेटर द्यायचं, एका लेटरचे इतके. आकडा ऐकून क्षणभर मनात हिशोब झाला हो, खोटं कशाला बोलू, अंगणावरचे पत्रे दोन पावसाळे गळतायत. नाही म्हटलं. पण नाही म्हणणारी मी एकटी असून काय होणार, कुणीतरी देतच असणार की. आणि असलं पत्र पकडलं गेलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, ऑस्ट्रेलिया तीन वर्षं, ते त्या मुलीला, फोन करणाऱ्याला काहीच नाही, त्याची फी आधीच वाजवून घेतलेली. आमचे हे म्हणाले बाहेर पाटीच लाव, ‘येथे अनुभवाचे दाखले मिळत नाहीत’. तेव्हा हसले, आता वाटतं लावायला हवी होती.

नऊ जणींपैकी दोघी म्हणाल्या की चालेल, वर्षभर येतो, पंधरा तर पंधरा. मला माणसांची गरज होतीच, जूनला दोघींना घेतलं. नोकरी सोडून आल्या, एवढं मानलं पाहिजे.

त्यातली एक डिसेंबरात गेली, गॅदरिंगच्या आठ दिवस आधी. ती रात्री फ्रेंच पण करत होती, परीक्षा दिली, चारही भागांत हवी ती लेव्हल आली आणि मग हिला बालवाडीची गरजच उरली नाही, कारण फ्रेंचचा गट वेगळा आणि तिथे फारच खाली बोलावतात, २०२५ च्या मार्चमध्ये ३७९ ला बोलावलं होतं, म्हणजे आमच्या गटापेक्षा बरोब्बर शंभर कमी. तिचं मी समजू शकते. पण माझ्याकडे एक मुलगा आहे, जूनपासून ऑगस्टपर्यंत रोज दारात बसून रडायचा, चपला काढू द्यायचा नाही, ह्याच ताईच्या कडेवर तो गप्प बसायला शिकला, मग कडेवरून खाली उतरला, मग एक दिवस स्वतःहून डबा उघडला, हे सगळं व्हायला तीन महिने गेले होते. जानेवारीत तो परत दारात. त्याची आई मला विचारते काय झालं हो, घरी तर काही नाही, आता मी तिला काय सांगू, तुमच्या मुलाच्या ताईचे फ्रेंचचे मार्क आले म्हणून?

तसं पुण्याला गुणांसाठी भाषा शिकणं काही नवीन नाही. अकरावी-बारावीला मराठी सोडून जर्मन, फ्रेंच घ्यायचे ते काय भाषेच्या प्रेमानं का, स्कोअरिंग म्हणून. माझ्या लेकीनं पण घेतलं होतं, आज तिला जर्मनमध्ये पाणी मागता येणार नाही. हीच सवय आता नोकरीला लागलीये असं मला वाटतं, कुठला विषय स्कोअरिंग आहे बघायचं आणि तो घ्यायचा. फक्त इथे विषय म्हणजे कुणाचं तरी तीन वर्षांचं पोर आहे.

आणि ज्या यादीसाठी एवढं करता ती यादी कुणाच्या बापाची नाही. २०२३ ला ट्रकवाले हवे होते, २०२५ ला तो गटच काढला. इंग्लंडचं बघा, २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या केअर वर्करना दार उघडलं, आमच्या शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा, मेकॅनिकल इंजिनियर, चाकणची नोकरी सोडून केअरगिव्हरचा कोर्स करायला लागला, कोर्स, इंग्रजीची परीक्षा, एजंटचे पैसे, आज होईल उद्या होईल यात २०२४ चा मार्च उजाडला आणि ११ तारखेपासून नियम आला की बायको-मुलं नेता येणार नाहीत. त्याची मुलगी तेव्हा वर्षाची. थांबला, म्हणाला बदलतील परत. २०२५ च्या २२ जुलैला बाहेरच्या देशांतून त्या कामासाठी माणसं घेणंच बंद केलं. आता तो परत चाकणलाच आहे, दुसऱ्या कंपनीत, आधीपेक्षा कमी पगारावर, आणि मधली दोन वर्षं काय करत होतात हे प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारतात. सासऱ्यांना पॅरालिसिस झाला तेव्हा मात्र सगळं त्यानंच केलं, कूस बदलणं, अंघोळ, सगळं, बायको सांगत होती.

उलट माझ्या आतेबहिणीची मुलगी नर्स, ती जर्मनीला गेली, दोन वर्षं नुसती भाषा केली बी-टू या वरच्या पातळीपर्यंत, रडली, नापास झाली, परत बसली, गेली. आज तिथे नर्सच आहे. तिची गोष्ट लेखात बसली नसती, तिनं काही बदललंच नाही ना.

आता माझ्या बाजूचं पण सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती दुसऱ्यांना बोलते. मी ताईंना तीन तासांचे महिना नऊ हजार देते. ह्याहून जास्त परवडत नाही, फी वाढवली की पालक लगेच समोरच्या एसीवाल्या प्लेग्रुपचं नाव काढतात. मॉंटेसरीचा कोर्स केलेली, गोष्ट सांगता येणारी, शी-शू न कुरकुरता बघणारी बाई मला नऊ हजारात मिळत नाही आणि मिळाली तर टिकत नाही, यात कॅनडाचा काही दोष नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना १९६२ ला पद्मभूषण मिळालं, अनुताई वाघांना १९८५ ला पद्मश्री, कोसबाडला त्यांनी आदिवासी पोरांसाठी जे उभं केलं ते आम्ही कोर्सला शिकलो, तोंडपाठ आहे. पण म्हणून आजवर कुठली इंजिनियर मुलगी माझ्या दारात आली नव्हती. लग्नात कुणी विचारलं काय करता आणि मी बालवाडी म्हटलं की ‘अच्छा, घरबसल्या’ असं ऐकत आले. कॅनडानं यादीत घातल्यावर तेच काम एकदम स्किल्ड झालं, ह्याचा मला आनंद झाला का राग आला ते अजून नीट कळलेलं नाही, थोडं थोडं दोन्ही.

ज्यांना जायचंय त्यांना तुमच्या मार्फत एवढंच सांगायचंय की बालवाडीत यायचं तर जून ते एप्रिल या, मध्ये सोडू नका, आणि जे लागेल ते पत्र खरंच मिळेल. तिकडे गेल्यावर काय आहे ते पण आधी बघून घ्या. पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, झाला की कुठलंही काम करता येतं, त्यामुळे बहुतेकींचा तिकडे मुलांमध्ये राहायचा विचार नसतोच, मी विचारते, त्या हसतात. पण करायचंच म्हटलं तर कॅनडातल्या ओन्टारिओसारख्या प्रांतात त्यांच्या कॉलेजकडे (हे शिकायचं कॉलेज नव्हे, या पेशाची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी केल्याशिवाय स्वतःला अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर, म्हणजे बालशिक्षिका, म्हणवता पण येत नाही. हे माझ्याकडे आलेल्या नऊ जणींपैकी एकीलाच माहीत होतं.

ती एक म्हणजे ती पहिली, टेस्टिंगवाली. ती अजून आहे माझ्याकडे. पहिल्या महिन्यात तिला एकही बडबडगीत येत नव्हतं आणि मुलांनी शर्टाला नाक पुसलं की दचकायची, मी म्हटलं ही दिवाळी काही बघत नाही. पण रोज अकराला नळापाशी मारामारी व्हायची, बावीस वर्षं होतेय, मी ओरडून थकले, हिनं तीन दिवस नुसतं उभं राहून पाहिलं आणि म्हणाली ताई बग सापडला, डबे दोन्ही वर्गांत एकाच वेळी उघडतात आणि नळ एक. एका वर्गाचा डबा दहा मिनिटं पुढे ढकलला, जमिनीवर ऑइल पेंटनं पावलं काढली, एकामागे एक उभं राहायला. संपली मारामारी. एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

मागच्या महिन्यात तिचा छत्तिसावा वाढदिवस झाला. मुलांना राजगिऱ्याच्या वड्या आणल्या, सगळ्यांनी गाणं म्हटलं आणि नंतर चपला लावता लावता मला म्हणाली, ताई आज पाच गुण गेले. हसतच म्हणाली. मग अंगणात त्या दारातल्या मुलाच्या शेजारी जाऊन बसली.

तिचं वर्ष जूनमध्ये भरतंय. पत्र मी लिहून ठेवलंय, तास पंधरा, पगार नऊ हजार, शेवटची तारीख तेवढी मोकळी सोडलीये. जाणार का राहणार ते मी विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही. इकडे ॲडमिशन सुरू झाल्यात आणि जुने पालक धाकट्याचा फॉर्म भरताना विचारतायत, पुढच्या वर्षी पण ह्याच ताई आहेत ना?

कळावे,
एक बालवाडीवाली,
कर्वेनगर, पुणे

ता. क. कृपया नाव आणि फोन नंबर छापू नये. फोन आधीच खूप येतात.