दुसऱ्या एमआरआयसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमचा गट लहान आहे. पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघालेली माणसं आणि त्यांच्या घरचे महिन्यातून एकदा भेटतात, एवढंच त्याचं स्वरूप. आजवर कुणापुढे हात पसरायची वेळ आली नव्हती. आता आली आहे, आणि मागणी जरा विचित्र वाटेल. ऑपरेशनसाठी पैसे नकोत, दुसऱ्या एमआरआयसाठी हवेत. मग तिसऱ्यासाठी.

आमच्याकडे येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच सुरू होते. कुणी गाडीवरून पडलेलं असतं, कुणाचं सायनस दुखत असतं, कुणाला चक्कर आलेली असते. म्हणून डोक्याचा स्कॅन होतो. ज्यासाठी केला ते सगळं ठीक निघतं, पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: पिट्युटरीत ६ मिलिमीटरची गाठ. मागच्या बैठकीला आलेल्या एका ताईंनी ती ओळ बॉलपेनने इतक्यांदा अधोरेखित केली होती की कागद फाटायला आला होता. घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. मेंदूत ट्यूमर म्हटल्यावर माणूस पुढचं काही ऐकतच नाही.

ऐकण्यासारखं मात्र बरंच असतं. शाळेच्या पुस्तकातली ती वाटाण्याएवढी ग्रंथी नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. भलत्याच कारणासाठी एमआरआय काढलेल्या माणसांत साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत काहीतरी बारीकसं दिसतं. यातल्या बहुतेक गाठी १ सेंटिमीटरहून लहान असतात. कॅन्सर निघणं अगदी विरळा.

आणि पुढे? अशा लहान गाठींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासांतून दिसतं की साधारण दहातली एक वाढते. १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर चार-पाचांतली एक. बाकीच्या होत्या तेवढ्याच राहतात, काही तर आपणहून आक्रसतात. खरी अडचण इथेच आहे. यातली वाढणारी कोणती, हे पहिल्या फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तारखा पाळाव्या लागतात. सर्वसाधारण रिवाज असा की लहान गाठीचा पुढचा एमआरआय वर्षाने आणि मोठीचा सहा महिन्यांनी. त्यानंतर काही वर्षं ठरावीक अंतराने, आणि गाठ जागची हलली नाही तर अंतर वाढवत जायचं.

पहिल्या वर्षी सगळे जातात. दुसऱ्या वर्षी निम्मे विसरतात, उरलेल्यांतले काही विसरल्याचं नाटक करतात. काही दुखत नाही, खुपत नाही, मग धडधाकट माणसावर घरचा पैसा कशाला घालवायचा? ऑपरेशन म्हटलं की नातेवाईक धावून येतात. ‘काही झालेलं नाही ना, तेवढं बघून यायचं आहे’ म्हटलं की कुणाचाच हात खिशात जात नाही. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही, आमचेही हात गेले नव्हते.

पण गाठ वाढली तर ती ओरडून सांगत नाही. ग्रंथीच्या वरच्या अंगाला दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. तिथे दाब आला की बाहेरच्या बाजूंची नजर हळूहळू जाते, समोरचं नीट दिसत राहतं. आमच्यातले एक काका दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि वय झालं म्हणायचे. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, ठिपका चमकला की बटण दाबायचं, एवढी ती नजरेची तपासणी. तीत दोन्ही कडा काळ्या आल्या. गाठ नसांना टेकत असेल तर ही तपासणी हवीच.

रक्ततपासणीचंही तसंच. ही ग्रंथी शरीरातल्या हार्मोन्सचा कारभार बघते, म्हणून हार्मोन्स मोजायची: प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारं), गरजेप्रमाणे कॉर्टिसॉल आणि थायरॉइड. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुधा गोळ्यांनीच आटोक्यात येते, लहानही होते. हे न बघता कुणी थेट सुरीची भाषा केली तर अंतःस्रावतज्ज्ञांचं, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांचं, मत घ्याच. मात्र अचानक असह्य डोकं दुखलं, उलट्या झाल्या, दिसेनासं झालं किंवा एकाचं दोन दिसू लागलं तर तारखेची वाट बघू नका. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो, तडक इस्पितळ गाठा.

आता निधीबद्दल. पैसे तपासणी केंद्रात थेट भरले जातील, रुग्णाच्या हाती रोख दिली जाणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. भीतीपोटी दर तीन महिन्यांनी स्कॅन करू पाहणाऱ्यांना आम्ही नकार देऊ, त्याने गाठीची वाढ लवकर कळत नाही, फक्त झोप उडते. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. वर्षाचा हिशेब बैठकीत वाचला जाईल, लाभार्थींची नावं मात्र नाही.

पैसे नसतील तर वेळ द्या. तारखांची वही सांभाळून तारखेच्या पंधरा दिवस आधी फोन करणारं कुणीतरी हवं आहे. यंत्राच्या ठकठकाटाने घाबरणाऱ्यांसोबत जाणारं कुणी हवं आहे. अंतःस्रावतज्ज्ञांनी महिन्यातला एक तास दिला तर रिपोर्ट समजून घेता येतील. आणि स्कॅनच्या जुन्या सीडींच्या प्रती करून देणारं कुणी भेटलं तर फारच बरं. आमच्या एका सदस्याच्या रिपोर्टांत ओळीने चार वर्षं ‘मागच्या तुलनेत विशेष बदल नाही’ असं होतं. दर वेळी फरक एखाद्या मिलिमीटरचा, म्हणजे मोजण्यातल्या चुकीएवढाच. पाचव्या वर्षी एका डॉक्टरांनी सगळ्यात पहिली सीडी मागितली. ती घरच्या कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडली. तिच्याशी ताडून पाहिल्यावर ९ मिलिमीटरची गाठ १३ झालेली दिसली.

देणगी किंवा वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी मासिक बैठकीत कोषाध्यक्षांना भेटावं. गाठ निघालेल्यांनी येताना पहिली सीडी आणावी, नुसता रिपोर्ट नको.