अ‍ॅडी रोच यांचे राजकारण कुठे गेले?

संपादक महाशय,

१९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, त्यात पोळलेल्या मुलांसाठी झटणाऱ्या आयर्लंडच्या अ‍ॅडी रोच यांच्यावरचा कालचा लेख वाचला. अर्धे पान दिलेत, आनंद वाटला. पण त्यात ‘माऊली’ इतक्यांदा आली की हा लेख आहे की पोथी, असा प्रश्न पडला. छायाचित्रही रडणाऱ्या मुलाला कुशीत घेतलेलेच.

या बाई विमान कंपनीतली नोकरी सोडून अण्वस्त्रविरोधी चळवळीत पूर्णवेळ उतरल्या, तेव्हा चेर्नोबिल घडायचेच होते. जानेवारी १९९१ मध्ये ‘मुलांना इथून बाहेर काढा’ असा फॅक्स बेलारूस आणि युक्रेनच्या डॉक्टरांकडून त्यांच्यापर्यंत पोहोचला, याला आपल्या लेखिका ‘नियतीची योजना’ म्हणतात. नियतीकडे फॅक्स यंत्र होते हे मला ठाऊक नव्हते! अहो, इतकी वर्षे चळवळीत काढलेल्या बाईंकडे तो येणार नाही तर कुणाकडे? १९९७ मध्ये त्या आयर्लंडच्या अध्यक्षपदाची निवडणूकही लढल्या आणि पाच उमेदवारांत चौथ्या आल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बेलारूसने आपली बोलण्याची वेळ त्यांना दिली. यातले एक अक्षर लेखात नाही. बाईमाणसाने काम केले की तिचे मत पुसायचे आणि पदर तेवढा ठेवायचा, ही आपली जुनी खोड.

मुलेच का आजारी पडली, हेही लेखात नाही. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गायीच्या दुधात उतरले आणि दुधातून मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठले. ते आठ दिवसांत निम्मे होते, म्हणजे पहिले काही आठवडे सांभाळायचे होते. पोलंडने सुमारे एक कोटी मुलांना चटकन साधे आयोडीन पाजले, म्हणजे ग्रंथीत किरणोत्सारी आयोडीनला जागाच उरू नये. सोव्हिएत गावांत मात्र मुले तेच दूध पीत राहिली.

आणि ‘दूरच्या, सुरक्षित आयर्लंडमधून’ हे काय? चेर्नोबिलचा किरणोत्सार घेऊन आलेला पाऊस आयर्लंडवरही पडला होता. तिथून मुंबईत आलेल्या लोण्याची आठवण आपल्या कार्यालयात कुणालाच नसावी? त्यात किरणोत्सार आहे का, यावरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९८८ मध्ये तज्ज्ञ समितीने ते खाण्यास योग्य ठरवले. ठरवले असेल, माझी हरकत नाही. पण त्याआधीचे महिने आम्ही कसे काढले ते विचारा. धाकट्या वहिनीला नुकतेच मूल झाले होते, आणि ते लोणी दुधात मिसळतात अशी गिरगावात बोलवा होती. दूध केंद्रावर विचारायला गेले, तर तिथल्या गृहस्थांनी “ताई, चेर्नोबिल कुठे, गिरगाव कुठे!” म्हणत बाटल्या पुढे सरकवल्या. रांगेतले लोक हसले, ते वेगळेच. वहिनीने पुढे कितीतरी दिवस ते दूध घरात येऊ दिले नाही, आणि दुप्पट भावाचे म्हशीचे दूध आणायची पाळी माझ्यावर आली. तेव्हाही मी एका दैनिकाला (आपल्या नव्हे) पत्र धाडले होते. ते छापले नाही. त्याच आठवड्यात पाककृतींच्या सदरात साजूक तुपातले बेसनलाडू मात्र ठळक छापले.

रोच यांच्या संस्थेने पंचवीस हजारांहून अधिक मुलांना काही आठवडे आयर्लंडमधल्या घरांत राहायला नेले, हे मोठेच काम आहे. त्याबद्दल आपल्या लेखिकेने लिहिले ते मनापासून लिहिले आहे, हे मान्य. पण पुढच्या वेळी ‘रशियातील चेर्नोबिल’ छापण्याआधी कुणीतरी नकाशा उघडावा. ते युक्रेनमध्ये आहे, आणि हल्लीच्या दिवसांत तरी ही चूक होऊ नये.

जाता जाता : शब्दकोड्याच्या चौकटीवर गेल्या रविवारपासून फ्लॅटची जाहिरात चढली आहे. उभे शब्द ११ ते १५ दिसतच नाहीत. अर्धे पान माऊलीला देता येते, तर चार चौकोन आम्हालाही द्यावेत.

आपली,
एक जुनी वाचक, गिरगाव